अमानत
पांढुर्ण्याच्या त्या कोचिंगमध्ये शिकवायचं तर ओरिजिनल मार्कशीट सरांच्या कपाटात कुलूपबंद ठेवायची, असा शिरस्ता होता. "पोरी मधातच नोकरी सोडून नागपूरले पळतात न," सर हसून म्हणाले. एमएस्सीची फी या शिकवणीतूनच भरायची होती, पण पुढची नोकरी शोधायला दामिनीला तीच मार्कशीट लागणार होती. तिनं मार्कशीट टेबलावर ठेवली अन् तिथंच पडलेली सरांच्या लाडक्या बुलेटची चाबी उचलली. "हे काय करून राहिली?" "अमानत ठेवून राहिली, सर. मी पळाली तर मार्कशीट तुमची. पगार नाही भेटला तर गाडी माही." "माह्यावर भरोसा नाही तुले?" "जितका तुमचा माह्यावर, तितकाच." दाराशी विद्यार्थी खिदळले. सरांनी मार्कशीट तिच्याकडं सरकवली. दामिनीनं ती बॅगेत टाकली, चाबी परत ठेवली अन् टेबलावरचा खडू मात्र न विचारताच उचलला.