वडगावचा गोलकीपर

"काकू, उत्तरेश्वर गोल लई भारी अडवतो, पन जन्मला कर्नाटकात, उसाच्या फडात. वडगावच्या टीममदी कसा घ्यावा?" पारावर कप्तान प्रविण उत्तरेश्वरच्या आईला, भिवराबाईला म्हणाला. मोबाइलवर केप व्हर्देची पोरं नाचत होती. इवल्या बेटांचा देश कैक वर्षं हरून पहिल्यांदाच फुटबॉलच्या विश्वचषकाला पोचला होता. सोमवारचा उपास धरलेली भिवराबाई हळूच म्हणाली, "ही समदी बेटावरच जन्मली का रं?" "न्हाई, बरीच परदेशात. आईबाप पोटापायी गेलते." "मंग देशानं त्येंला परकं म्हनलं?" प्रविणनं मोबाइल खाली ठेवला. "आमी बी पोटापायीच गेलतो, बाबा. बाळंत फडात झाले, पन ह्याची नाळ पदराला बांधून आनली, हितंच उंबऱ्याखाली पुरली." प्रविणनं गावचं नाव छापलेली जर्सी तिला दिली. ती पारामागच्या देवळात मारुतीपुढं ठेवून भिवराबाईनं लेकाला हाक मारली आणि म्हणाली, "घाल. आता वडगावात गोल शिरू द्यायचा न्हाई."