मास्तरांचं वजन

मास्तरांनी हार्नेस हातात घेतला आणि आधी उलटा केला. जन्मभर कपडे शिवलेला माणूस, सुलट बाजूवर विश्वास कसा ठेवणार? कंबरेचा पट्टा, मांड्यांचे पट्टे, पुढे दोर बांधायचा जाड फास. सगळं काळंभोर, आणि जिथे पट्टा पट्ट्याला जोडला होता तिथे पिवळ्याधमक दोऱ्याची शिलाई.

"काळा दोरा संपला होता का?" त्यांनी लेकीला विचारलं.

"मुद्दाम पिवळा घेतलाय, बाबा. झिजला तर कडा चढणाऱ्याला दिसायला हवा."

"आमच्याकडे टाका दिसला की गिऱ्हाईक पुन्हा येत नाही."

"आमच्याकडे दिसला नाही की येत नाही."

मशीनवरच्या बायका फिस्सकन हसल्या. मास्तर हसले नाहीत.

नव्या शिवणारीला मशीन देण्याआधी या कारखान्यात एक रीत पाळतात. तिने हार्नेसची जोडी शिवायची. त्यातला एक यंत्राला लावून फाटेपर्यंत ओढतात. ते सकाळीच झालं होतं. पट्टा फाटला, शिलाई जागची हलली नव्हती. दुसऱ्यात तिच्या घरच्या माणसाने लोंबकळायचं. तिने स्वतः नाही, कारण स्वतःच्या जिवाबाबत माणूस बेफिकीर असतो, असं सुपरवायझर बाईंचं म्हणणं. घरचं कुणी बसलं नाही, तर मशीनही नाही.

आईने गुडघेदुखीची सबब पुढे केली, म्हणून मास्तर आले होते. कडक इस्त्रीचा शर्ट आणि त्याहून कडक चेहरा. लेक त्यांचं शिंप्याचं दुकान सोडून इथे आली, तेव्हापासून ते या कामाला 'पोती शिवणं' म्हणत. लेकीला यंत्राची भीती वाटली नव्हती. या डोळ्यांची वाटत होती.

"एवढ्याशा जागेत इतके टाके? चाळण होईल की पट्ट्याची."

"सुई गोल टोकाची असते. धागे कापत नाही, बाजूला सारते."

"मग सरळ लांब टीप का नाही मारली?"

"लांब टीप एका जागी तुटली की उसवत जाते. म्हणून या आखूड आडव्या शिलाया, प्रत्येक वेगळी. एक गेली तरी बाकीच्या सोडत नाहीत."

मास्तरांनी शिलाईखाली नख घालायचा प्रयत्न केला. नख शिरेना. त्यांनी सगळ्या जोडांवरून अंगठा फिरवला, कुठे सुटलेलं टोक सापडतंय का ते पाहिलं, आणि चष्मा खिशात ठेवला.

"चढव."

लेकीने पट्टे आवळले, बक्कल ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं. सगळ्या बाजाराची मापं घेतलेला माणूस लहान मुलासारखा हात वर करून उभा होता. मग ते उंच स्टुलावर चढले. तुळईच्या हुकातून आलेला दोर लेकीने पुढच्या फासाला बांधला. तो ताणला गेला, पट्टे करकरले.

"आता पाय उचला, काका," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी दोर घट्ट धरला आणि पाय उचलले. बाईंनी स्टूल बाजूला घेतलं. मशीनं थांबली होती. मास्तर हळूच अर्धे फिरले, परत आले. मास्तर मान खाली घालून पोटापुढच्या पिवळ्या शिलाईकडे बघत होते. त्यांचं सगळं वजन तिच्यावर होतं आणि ती सुतभरही ताणली नव्हती. त्यांनी दोरावरचा एक हात सोडला. मग दुसराही.

"झालं, मास्तर! मशीन तिचं," बाई म्हणाल्या. "या खाली." आणि स्टूल पुन्हा त्यांच्या पायांखाली सरकवलं.

मास्तरांनी हाताची घडी घातली आणि पायाच्या अंगठ्याने स्टूल दूर लोटलं.

"हे उचला इथून," ते म्हणाले. "कुणाच्या तरी पायात येईल."