आमेनच्या आधी

"हे प्रभू, तू सर्वज्ञ आहेस," गुलाबराव म्हणाले. "म्हणून तुले ठाऊकच हाये का शिडी मी परत केली."

जानेफळात सिंधूताईंच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर चौदा माणसं डोळे मिटून बसली होती. कोणी हललं नाही. बुधवारच्या प्रार्थनेत शिडी येणार, हे सगळ्यांनी धरलेलंच असायचं.

"आमेन," सगळे म्हणाले.

गुलाबरावांच्या मांडीला मांडी लावून त्यांचे थोरले भाऊ देवानंद बसले होते. भिंतीला टेकायची जागा तेवढीच होती. ते खाकरले.

"हे दयाळू पित्या, परत आली ते शिडी दुसरी हाये. माह्या शिडीले अकरा पायऱ्या होत्या, हिले नऊ. नाताळचा तारा लावाले यानं नेली तवा दोन पायऱ्या ताऱ्यासंगं वर गेल्या का, हे तूच आमाले दाखव."

"आमेन."

दोन वर्षं हे भाऊ एकमेकांशी अक्षर बोलले नव्हते. दोन वर्षं त्यांची बहीण सिंधूताई रोज पहाटे गुडघे टेकून एकच मागत होत्या: प्रभू, माह्या भावायले बोलतं कर. आणि ते बोलते झाले होते, पण प्रभूशी. आधी चारचौघांत प्रार्थना म्हटली की गुलाबराव 'आमची रोजची भाकर आम्हास दे' या ओळीपाशीच अडकायचे. आता दोघंही वीस-वीस मिनिटं हटत नव्हते. मेहकरहून येणाऱ्या नव्या पाळकसाहेबांनी गेल्या रविवारी उपदेशात दोघांना उभं केलं आणि सांगितलं, आत्मिक वाढ बघायची तर ही बघा. शेजारच्या अंबूबाई ख्रिस्ती नव्हत्या, पण बुधवार चुकवत नव्हत्या. उंबऱ्यात बसायच्या.

मागणं आपण नीट मांडलं नाही की काय, हे सिंधूताईंना कळत नव्हतं. भांडण मिटलं तर हे दोघं प्रार्थनेला येतील का, हेही कळत नव्हतं. विचारावं तर कोणाला? ज्याला विचारायचं तो या दोघांचं ऐकण्यात गुंतलेला.

परवा, शुक्रवारी, गुलाबरावांच्या मुलीचं, सुवार्ताचं लग्न होतं. पत्रिका गावभर गेल्या होत्या, देवानंदांकडे सोडून. सुवार्ता सकाळीच आत्याकडे येऊन सांगून गेली होती, "मोठे बाबा आले नाई तं मी चर्चची पायरी चढत नाई, आत्या. मंग बसू दे दोघायले पायऱ्या मोजत."

"हे प्रभू," गुलाबराव पुन्हा म्हणाले. आवाज जरा उतरला होता. "परवा माह्या पोरीचं लगन हाये. ज्याच्या खांद्यावर बसून ते शाळेत गेली, त्याले यायची बुद्धी दे."

"हे प्रभू," देवानंद म्हणाले, "बुद्धी हाये. पत्रिका नाई."

"आमेन," उंबऱ्यातून अंबूबाई म्हणाल्या. एकट्याच.

देवानंदांच्या उजवीकडे बसलेल्या पाळकसाहेबांनी घाईनं सांगितलं, "सिंधूताई, शेवटची प्रार्थना तुम्ही करा."

सिंधूताईंची शेवटची प्रार्थना दोन वाक्यांची असायची, कारण आत गॅसवर चहा असायचा. "प्रभू, आजच्या दिवसासाठी तुहे उपकार मानतो आम्ही," त्या म्हणाल्या, आणि चहा कुठवर आला ते बघायला त्यांनी एक डोळा किलकिला केला.

गुलाबरावांचा हात सदऱ्याच्या आत गेला होता. डोळे घट्ट मिटलेले. हातात पत्रिका आली. बरेच दिवस छातीशी बाळगल्यासारखी ती वाकली होती. त्यांनी ती सतरंजीवर ठेवली आणि एका बोटानं ढकलली. ती चुणीत अडकली. कागदाचा आवाज झाला, तसा देवानंदांचा हात गुडघ्यावरून खाली उतरला, तोही डोळे मिटूनच, आणि उजवीकडे पाळकसाहेबांच्या मांडीवरच्या पवित्र शास्त्रावर जाऊन पडला. चटका बसल्यासारखा मागं आला.

आमेन म्हटलं की सगळ्यांचे डोळे उघडणार होते. आणि उघड्या डोळ्यांनी या दोघांपैकी एकाचाही हात पुढं आला नसता. सिंधूताई बहीणच होत्या, त्यांना माहीत होतं.

"आणि प्रभू," सिंधूताई म्हणाल्या, "आजाऱ्यायले बरं कर." पत्रिका चार बोटं सरकली. "धाडच्या बाजाराले गेलेल्यायले यष्टी भेटू दे." देवानंदांचा हात पुन्हा उजवीकडे निघाला. "आणि जे डावीकडं बसले," त्या जरा जोरात म्हणाल्या, "त्यायलेही विसरू नको, प्रभू. डावीकडं."

पाळकसाहेबांच्या कपाळावर आठी पडली. हात डावीकडे वळला आणि पत्रिकेवर पडला. देवानंदांनी एक टोक धरलं. गुलाबरावांनी दुसरं सोडलं नाही.

"शिडी दुसरीच हाये बे, गुलाब्या," देवानंद पुटपुटले.

"हाव," गुलाबराव कुजबुजले. "पयली मोडली, दादा. तारा लावता लावता. सांगाची लाज वाटली."

सिंधूताई मागायचं विसरल्या. भावांच्या या बोलण्यात प्रभूचं नाव नव्हतं. ही प्रार्थना धरायची की नाही? आता आमेन म्हणायचं, की म्हणायचंच नाही? आतून चहा करपल्याचा वास यायला लागला. त्यांनी दुसराही डोळा उघडला आणि दाराकडे पाहिलं.

अंबूबाईंचे डोळे उघडेच होते. त्यांना मिटायला कोणी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी सिंधूताईंकडे बघून मान हलवली, आमेन नको म्हणून. मग पदर खोचून, पावलांचा आवाज न करता, त्या माणसांमधून वाट काढत आत गेल्या आणि गॅस बंद केला.