सासूला दाखवायचा फोटो

मकावच्या एका कॅसिनोत भर दुपारी सुईयिनने जुगाराच्या टेबलावर बसलेल्या नवऱ्याचा पाठमोरा फोटो काढला. ‘माझा मुलगा पत्त्यांना शिवत नाही,’ म्हणणाऱ्या सासूला तो दाखवायचा होता.

“ताई, इथे फोटो चालत नाहीत. पुसून टाका,” रखवालदार म्हणाला.

“नाही पुसत. काय करायचं ते करा.”

तिने फोटो पाहिला. समोर सगळे पत्त्यांवर वाकलेले होते. फोटोत मात्र नवरा सोडून सगळे वळून तिच्याकडे बघत होते.

“पुसा हो, पाया पडतो तुमच्या,” रखवालदाराने हात जोडले.

तिने पुन्हा फोन रोखला.

“वाहोन, ऊठ! घरी चल!”

समोर कुणी हललंसुद्धा नाही. फोनच्या पडद्यावर नवरा तसाच बसून होता. बाकीचे सगळे उठून उभे राहिले होते.

सुईयिनने फोन खाली घेतला नाही.