मुलीकडचा साक्षीदार

“मी नवऱ्याला विचारलंय, तुला नाही,” ताबीबाई गराएला म्हणाल्या.

ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्गच्या चर्चच्या हॉलमध्ये सकाळपासून रांग होती. टोमॅटो आणि मिरच्या तोडायला व्हानुआतूच्या बेटांवरून आलेली माणसं, त्यांच्या बायका, रडकुंडीला आलेली पोरं. लग्ननोंदणीच्या ताबीबाई तिथल्या राजधानीतून, पोर्ट व्हिलाहून, एकाच दिवसासाठी आल्या होत्या आणि संध्याकाळच्या विमानाने परत जाणार होत्या. बेटावर लग्न मुखियासमोर लागतं. डुकरं आणि लाल चटया दिल्या-घेतल्या की झालं. कागद करायचं कोणाच्या मनातही येत नाही. तो आठवतो परदेशात गेल्यावर, आणि तोही गळ्याशी आल्यावर.

मेरिलिनच्या गळ्याशी आलं होतं. सात वर्षांची नेली इथल्या इस्पितळात पडून होती. तिच्या हृदयाची झडप बदलायची होती, पण जरा ताकद आल्याशिवाय डॉक्टर हात लावायला तयार नव्हते. उपचारासाठी मिळालेला मायलेकींचा व्हिसा मात्र महिनाअखेरीला संपत होता. बोए वीस वर्षं इथे होता, कायमचा रहिवासी. त्याची बायको म्हणून मेरिलिनची नोंद झाली, तर दोघी राहू शकणार होत्या. नाही तर परत बेटावर, आणि तिथे असलं ऑपरेशन करणारं कोणी नव्हतं.

“सांग ना बोए. लग्नाच्या जेवणात काय होतं?”

“लापलाप.” पानांत गुंडाळून भाजलेला हा कंदांचा लगदा बेटावरच्या प्रत्येक जेवणात असतोच.

“कसलं?”

बोएने टोपी काढली, पुन्हा घातली. “आता आठ वर्षं झाली, बाई. मी सुटीवर गेलो होतो, आणि डुक्कर होतं, एवढं पक्कं आठवतं.”

रांगेत हशा पिकला. “बायको कोण ते आठवतंय ना? मग झालं की!” मागून कोणीतरी म्हणालं. नवऱ्यांच्या स्मरणशक्तीवर कुठल्याच देशात कोणी फारसं विसंबत नाही.

ताबीबाई हसल्या नाहीत. “सकाळपासून दोन खोटी लग्नं परत पाठवलीत मी. हे तिसरं नसेल तर बरं.”

मेरिलिनच्या तोंडचं पाणी पळालं. आता सगळं मुलीकडच्या साक्षीदारावर होतं. बेटाच्या रीतीप्रमाणे तो भाऊ लागतो आणि त्याचा शब्द शेवटचा. भाऊ म्हणून कागदावर गराएचं नाव होतं. तो मिरच्यांच्या शेतावर मोसमी कामाला आलेला. मोसम संपला होता आणि उद्या त्याचं विमान होतं.

“हं, आता तू बोल.”

गराए जमिनीकडे बघत बोलू लागला. “अळकुड्यांचं लापलाप होतं, बाई. ज्वालामुखीच्या डोंगरातून राख पडायला लागली होती, म्हणून बायकांनी केळीच्या पानांचे थरावर थर घातले. तरी दाताखाली कचकच आलीच. मुखिया म्हणाला, खा मुकाट्यानं, बेटानंच वाढलंय. चटया झटकून झटकून पोरी दमल्या. मेरिलिनच्या केसांतली जास्वंद तर पांढरीफटक—”

ताबीबाईंनी पेन खाली ठेवलं. “नाव घेतलंस?”

हॉलमधली कुजबुज थांबली. ताबीबाईही आंबाए बेटाच्याच. तिथे भाऊ बहिणीचं नाव मरेपर्यंत तोंडाने उच्चारत नाही.

गराएचा चेहरा उतरला. “चुकलं, बाई. इथे सगळे नावानंच हाका मारतात, शेतावरचा मुकादमसुद्धा. जीभ सैल झाली.”

“आईनं ऐकलं असतं तर थोबाड रंगवलं असतं.”

“रंगवायलाच हवं होतं.”

“बरं. हे दोघं एकत्र राहतात?”

“हो. काल नवा पलंग आणलाय. मीच जोडून दिला.”

बोए खिडकीबाहेर बघत होता. ताबीबाईंनी बायबल पुढे सरकवलं. “हात ठेव आणि सांग. ते लग्न तू डोळ्यांनी पाहिलंस?”

“पहिल्यापासून शेवटपर्यंत तिथेच होतो, बाई,” गराए म्हणाला आणि त्याने बायबलवरचा हात काढून घेतला.

ताबीबाई त्याच्याकडे बघत राहिल्या, मग मेरिलिनकडे. मेरिलिनला राहवलं नाही. “बाई, सही करा हो. माझी पोर मरेल नाही तर.” ती भर हॉलमध्ये ओक्साबोक्शी रडू लागली.

“आधी डोळे पूस. सहीवर पाणी पडलं तर शाई पसरेल.”

शिक्का बसला. दाखल्याच्या दोन प्रती बोएच्या हातात आल्या. तिघं वळली, तशी ताबीबाईंनी हाक मारली.

“गराए, उद्या जातोस ना? मग बहिणीला काय सांगायचं ते आजच सांगून घे. तुझं पुन्हा येणं होईल, न होईल.”

“हो, बाई,” तो म्हणाला.

इस्पितळात पोचल्यावर बोए आणि मेरिलिन दाखला घेऊन ऑफिसात गेले. गराए वॉर्डात नेलीपाशी बसला. तिची नखं निळसर दिसत होती. त्याने संत्रं सोललं आणि एकेक फोड बिया काढून तिच्या हातावर ठेवू लागला.

नर्स ताप बघायला आली. “आज कोण आलंय भेटायला?”

“माझा मामा,” नेली लगेच म्हणाली.

“मजा आहे बुवा तुझी!” नर्स म्हणाली. जाताना तिने पडदा ओढून घेतला.

नेलीने नर्सची पावलं लांब जाईपर्यंत ऐकली. गराएने उरलेली फोड तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली नाही. त्याची बाही धरून त्याला खाली ओढलं आणि कानाशी तोंड नेलं.

“कोणी नाहीये आता. एकदाच बाबा म्हणू?”