कच्चा खर्डा

अहवाल लिहिण्यात वीस वर्षं मुरलेला हेडक्लार्क नव्या मुलीवर मनातून जळायचा. सकाळभर तो पहिल्याच वाक्याला रंधा मारत बसे. तोवर तिचा अहवाल साहेबांच्या टेबलावर पोचलेला असे. एके दुपारी प्रिंटरवर तिचा खर्डा त्याच्या हाती लागला. अर्धवट वाक्यं, चुकाच चुका! आयतं कोलीत घेऊन तो साहेबांकडे धावला. “बघा तुमच्या हुशार पोरीचं लिखाण!” साहेब हसले. “आधी ती असंच भराभर उतरवते, मग दोनदा सुधारते. तुमचा खर्डा कुठाय?” तो जागेवर परतला. स्क्रीनवर एकच वाक्य होतं. ते पुसून त्याने दातओठ खात मनात होतं तेच टाइप केलं: ‘मला त्या पोरीचा हेवा वाटतो.’ मग बोटं थांबेनात. संध्याकाळी अहवालाची चार वेडीवाकडी पानं त्याने तिच्यापुढे ठेवली. “जरा बघतेस?” पहिलं वाक्य खोडलं नव्हतं.