वाजंत्रीवरचा कर

“जोरात बडवा! पार राजाच्या कानाला दडे बसले पाहिजेत!” ढोलवाला ओरडला आणि अंगणात पातेली, पराती, बादल्या एकदम दणाणल्या.

समुद्रापलीकडच्या राजानं आपल्या लढाईच्या खर्चासाठी इथल्या वाद्यांवर कर बसवला, तेव्हापासून गावानं हट्टानं वाद्यंच माळ्यावर टाकली होती. ढोलवाल्याचा धंदा बसला, तरी त्यानं एकाही ढोलावर कर भरल्याचा सरकारी शिक्का मारून घेतला नाही. लग्नं मुकी झाली. पण त्याच्या लेकीनं बजावलं होतं, “कर द्यायचा नाही, आणि माझं लग्न मात्र वाजतगाजत झालं पाहिजे.” लेक बापावरच गेली होती. आज तिचं लग्न होतं, म्हणून ही भांडी.

“जावई कसा आहे रे?” परात बडवता बडवता म्हाताऱ्या आत्यानं विचारलं. “कुणाला दाखवलाससुद्धा नाहीस.”

“छातीचा आहे की नाही, ते आज कळेल,” ढोलवाला म्हणाला. हसला, पण घाम पुसत.

तेवढ्यात फाटकातून करअधिकारी आत आला. मागे दोन शिपाई. पातेली गप्प झाली.

“काय चाललंय हे?”

“भांडी घासतोय, साहेब,” आत्या म्हणाली. अंगणात खसखस पिकली.

“कर वाद्यांवर आहे,” ढोलवाल्यानं सुनावलं. “भांड्यांवर हवा असेल, तर राजाला विचारून या. बोट जाऊन परत येईस्तोवर माझी नातवंडं चालायला लागतील.”

अधिकाऱ्याचे कान लाल झाले. “वाजेल ते वाद्य, असा नवा हुकूम आहे. सगळं जप्त करायचं.”

शिपाई पुढे सरले. आत्यानं परात पोटाशी धरली. “न्यायची तर मलाही उचला! आणि जपून, कंबर धरलीय माझी.”

एकेक बाई येऊन तिच्याशेजारी उभी राहिली. कुणी हलेना. ढोलवाला अधिकाऱ्याकडे टक लावून पाहत होता. 

“थांबा,” अधिकारी शिपायांना म्हणाला. त्यानं टोपी काढली, सरकारी कोट उतरवला आणि दोन्ही एका शिपायाच्या हातात कोंबली. “वरच्या साहेबांना सांगा, आजपासून मी राजाचा नोकर नाही.”

क्षणभर कुणाला काही कळेना. मग आत्यानं परातीवर असा दणका दिला की शिपायांनी काढता पाय घेतला. सगळं अंगण पुन्हा दणाणलं.

ढोलवाल्यानं डोळे पुसले आणि घराच्या दाराकडे वळून हाक मारली, “पोरी, ये बाहेर. नवरदेव आला!”